जुळलेलं पाकीट

आमच्या बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या सोसायटीत यंदा एक नवं खूळ निघालं. सोसायटीतल्या पाच 'उच्चशिक्षित ज्येष्ठां'चा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. सेक्रेटरी पुण्याचा, वयानं माझ्या मुलीएवढा. लिफ्टमध्ये गाठून मला म्हणाला, "काका, तुमचं नाव लिस्टमध्ये टॉपला आहे हं! पीएच.डी., आणि तीही फॉरेनची! फक्त सगळी क्वालिफिकेशन्स मला व्हॉट्सॲप करा ना." मी घरी आलो, चष्मा लावला आणि मोठ्या हौसेनं पदव्या टाइप करायला बसलो. चार ओळी भरल्या. पाचव्या ओळीला कावेरीअक्कांची आठवण आली आणि फोन बाजूला ठेवून दिला. बायकोनं विचारलं, "पाठवलंत का?" म्हटलं, "पाठवतो उद्या." त्याला आता तीन आठवडे झाले.

खरं शिकलेलं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच जवळून पाहिलं आणि त्या माणसाचा मी सव्वीस वर्षं हेवा केला. आता अक्का नाहीत. गेल्या श्रावणात गेल्या. माणूस गेलं की 'आदर', 'कौतुक' असले धुऊन इस्त्री केलेले शब्द वापरायची आपल्याकडं रीत आहे. मी वापरणार नाही. हेवा म्हणजे हेवा. पोटात दुखायचं, जेवण गोड लागायचं नाही. शिवाय एक गोष्ट त्यांना सांगायला हवी होती, ती मी नऊ वर्षं गिळून बसलो. ती सांगितल्याशिवाय अक्का पुऱ्या कळायच्या नाहीत, म्हणून तीही सांगणार आहे. त्यात मला काही मोठेपणा येत नाही, हे आधीच कबूल करतो.

आम्ही दोघं एका सरकारी संशोधन संस्थेत बिघाड-तपासणी विभागात होतो. यंत्राचा एखादा भाग मोडला की तो आमच्याकडं यायचा. दांडा, बोल्ट, दातेरी चाक, काहीही. तो का मोडला ते आम्ही शोधून सांगायचं, म्हणजे पुढचा मोडू नये. मी परदेशात डॉक्टरेट करून आलो होतो आणि ते माझ्या चालण्यातसुद्धा दिसावं याची काळजी घेत होतो. कावेरी राव माझ्या शेजारच्या टेबलावर. बुटक्या, सावळ्या, लॅबच्या पांढऱ्या कोटावर रोज अबोलीचा गजरा. घराणं मराठीच, पण चार-पाच पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं. चिकपेटेत कापडाचं दुकान, जयनगरला घर. त्यांच्या मराठीत कन्नड अशी कालवलेली असायची की माझ्या पुणेरी कानांना पहिली दोन वर्षं ते सोसवलं नाही. "देवधर सर, स्वल्प इकडं येता काय?" असं त्या म्हणाल्या की मी मनातल्या मनात नाक मुरडायचो. सारी लॅब त्यांना अक्का म्हणायची. मी मात्र कटाक्षानं 'मिसेस राव'.

अक्कांची एक खोड होती. कुणी त्यांना काही समजावून सांगितलं की त्या हात वर करून त्याला थांबवायच्या. "थांबा. आता मी सांगून बघते. चुकलं तर बोला." मग तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत पहिल्यापासून सांगायच्या. समोरचा "नाही अक्का, तसं नव्हे" म्हणाला की बाईंचा चेहरा खुलायचा. आपली चूक निघाली तर माणसाचा चेहरा पडतो. यांचा खुलायचा, जणू कुणी पेढा दिला! क्रेन चालवणाऱ्यापासून डायरेक्टरांपर्यंत सगळ्यांशी हेच. एकदा क्रेनवाल्यानं सांगितलं की साखळीच्या आवाजावरून वजन किती ते ओळखता येतं. झालं! अक्का दुपारभर अंगणात डोळे मिटून साखळी ऐकत उभ्या. पाच वेळा चुकल्या, सहाव्यांदा बरोबर आलं, तेव्हा त्याला हात जोडून "गुरुगळे" म्हणाल्या. तो लाजून क्रेनवर चढून बसला. मी खिडकीतून बघत होतो. काय हा तमाशा, असं शेजारच्याला म्हणालोही. पण घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की बारा वर्षं एका आवारात काम करून त्या क्रेनवाल्याचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

दुसरी खोड याहून वाईट. "मला ठाऊक नाही" हे वाक्य त्या पाणी मागावं इतक्या सहज बोलायच्या. दिल्लीहून मोठे साहेब आले, त्यांनी काही विचारलं, की आम्ही बाकीचे 'त्याचं असं आहे सर' म्हणून दहा मिनिटं इकडून तिकडं फिरवून आणायचो. अक्का सरळ म्हणायच्या, "ठाऊक नाही सर. सोमवारी सांगते." आणि सोमवारी सांगायच्या. साहेब जाताना हात कुणाशी मिळवायचे? अक्कांशी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण एवढं बोललो, आणि भाव न बोलणारीला!

मी स्वतःची समजूत घालायचो की असू दे, बिचारीपाशी नुसती एम.एस्सी. आहे, नम्रता दाखवली नाही तर दुसरं दाखवणार काय. या समजुतीवर मी अकरा वर्षं सुखानं काढली. त्या काळात मी त्यांना पुष्कळ शिकवलंही. धातूचा थकवा म्हणजे काय, रोज थोडा थोडा ताण पडून लोखंड कसं एक दिवस अचानक तुटतं, हे त्यांना टेबलापाशी उभं करून मी कितीदा तरी समजावलं असेल. त्या मान हलवून ऐकायच्या, मग "थांबा, आता मी सांगून बघते" व्हायचं. अकराव्या वर्षी बढतीची यादी लागली. कारकून मोठ्यानं वाचत होता. "डॉक्टर कावेरी राव." मी म्हटलं, चूक झालीय, दुरुस्त करा. तो म्हणाला, "नाही सर, बरोबर आहे. त्यांची पीएच.डी. इथं येण्याआधीच झाली आहे." विषय? धातूचा थकवा!

मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेलो. "मिसेस राव, तुम्ही मला बोलला का नाहीत? मी तुम्हाला तुमचाच विषय शिकवत होतो."

"होय की," अक्का म्हणाल्या. "पण तुम्ही वेगळ्या तऱ्हेनं सांगत होता. मला त्यातलं दोन जागी नवीन कळलं." त्या थट्टा करत नव्हत्या, हेच तर दुखणं. थट्टा केली असती तर मला निदान रागावता आलं असतं. त्या संध्याकाळी मी बायकोवर आमटीच्या मिठावरून उगाच खेकसलो.

आता झाडाची गोष्ट. आम्ही तेव्हा संस्थेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बागेकडच्या भिंतीला मोठाले तडे गेले. अक्कांनी पाहणी करून सांगितलं की करंजाच्या मुळांनी भिंत फुटते आहे, झाड काढायला हवं. अर्ज लिहिला, घरोघर फिरून अडतीस घरांच्या सह्या गोळा केल्या. मीही केली. बागेचा माळी मुरुगन तेवढा म्हणत राहिला की झाडाचा दोष नाही, जमिनीतला पाण्याचा पाइप गळतोय. मुरुगनचं कोण ऐकतो? अक्कांनी ऐकलं. दोन संध्याकाळी त्याच्याबरोबर कुदळ घेऊन खणत बसल्या. पाइप फुटका निघाला. मुळं तर भिंतीला पाठ करून उलटीकडं गेलेली.

माझ्यासारख्यानं काय केलं असतं? अर्ज गुपचूप खणात टाकला असता. चार दिवसांनी सगळे विसरले असते. अक्का मात्र पुन्हा अडतीस घरी गेल्या. आमच्याही दारात उभ्या राहिल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "सुमनताई, झाडामुळं भिंत फुटते म्हणून मी सांगितलं होतं. ते चूक होतं. मुरुगनचं बरोबर होतं. तुमच्या घरची सही खोडते, चालेल काय?" सही खोडली, चहा नको म्हणाल्या, शेजारची बेल दाबली.

दार लावून सुमन तिथंच उभी राहिली. म्हणाली, "किती शिकलेली बाई आहे हो!"

समोर काचेच्या कपाटात माझा प्रबंध होता, कातडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. हे वाक्य तिनं माझ्याबद्दल कधी उच्चारलं नव्हतं. मी म्हटलं, "शिकलेली कसली, आधी चुकलीच ना?" सुमन माझ्याकडं बघतच राहिली, मग आत गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो हेवा घरगुती राहिला असता. पण आमच्या विभागात पाकिटांची पद्धत होती. मोडलेला तुकडा आला की दोघांनी वेगवेगळा तपासायचा, एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही. आपला निष्कर्ष एका कागदावर लिहून पाकिटात घालायचा. शुक्रवारी विभागप्रमुख मूर्ती सर दोन्ही पाकिटं सगळ्यांसमोर उघडायचे. निष्कर्ष जुळले तर रिपोर्ट त्याच दिवशी रवाना. नाही जुळले तर तुकडा कापून आणखी तपासण्या, पंधरा दिवस जायचे, पण खरं काय ते हाती लागायचं. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची पकडेल, एवढाच त्यातला शहाणपणा.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याच आवारातल्या चाचणी-शेडमधल्या मोठ्या पंख्याचा दांडा मोडून आला. तपासणी माझ्याकडं आणि अक्कांकडं. तेव्हा मूर्ती सर निवृत्तीला आले होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोनच नावं होती, तीही याच दोघांची. त्याआधी तीनदा आमची पाकिटं जुळली नव्हती आणि तिन्ही वेळा अक्का बरोबर निघाल्या होत्या. सगळ्यांसमोर.

दांडा मी नीट पाहिला. मोडलेल्या तोंडावर थकव्याच्या बारीक रेषा होत्या, लाट ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा. त्या कुठून निघाल्या याचा माग काढत गेलो, तर सुरुवात दांड्याच्या पोटात, घडवतानाच आत राहिलेल्या मळीच्या एका ठिपक्यापाशी. म्हणजे दोष मालातच होता, आणि त्या खेपेचे सगळेच दांडे संशयाचे. मी तसं लिहिलं. कागद पाकिटात घातला. मग उठलो. अक्का कॅन्टीनला गेल्या होत्या. त्यांचं पाकीट टेबलावर होतं, न चिकटवलेलं. ते चिकटवायची गरज विभागात कुणालाच कधी वाटली नव्हती.

मी उघडून वाचलं. त्यांनी लिहिलं होतं: पंखा वाकडा बसवल्यामुळं दांडा थकून तुटला. नीट बसवा, नवा दांडा घाला.

मी काय विचार केला ते लपवत नाही. मळीचा तो ठिपका मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण अक्का चुकतील यावर माझा विश्वास बसेना. चौथ्यांदा सगळ्यांसमोर हरायची भीती वाटली. मी माझा कागद फाडला आणि त्यांचं उत्तर माझ्या शब्दांत लिहिलं. शुक्रवारी मूर्ती सरांनी पाकिटं उघडली. "सरी. इब्बरदू ओंदे," म्हणाले. दोघांचं एकच. रिपोर्ट गेला. त्याच खेपेतला दुसरा दांडा पंख्याला बसला.

सहा आठवड्यांनी तोही मोडला. तुकडा जाळी फोडून बाहेर आला आणि शेडमधला टेक्निशियन नागराज, त्याच्या उजव्या कोपरावर बसला. जीव वाचला. हात मात्र पुन्हा कधी सरळ झाला नाही.

त्या शुक्रवारच्या बैठकीत कुणी काही विचारायच्या आधी अक्का उभ्या राहिल्या. "माझी चूक," म्हणाल्या. "रेषा दिसल्या आणि मला उत्तर मिळालं असं वाटलं. त्या निघाल्या कुठून ते मी पाहिलं नाही." फळ्यावर चित्र काढून कुठं थांबल्या, का थांबल्या, सगळं दाखवलं. आवाज एकदाच कापला, नागराजचं नाव घेताना. मी मूग गिळून बसलो होतो. पुढच्या महिन्यात खुर्ची मला मिळाली. कारण उघड होतं, चूक कबूल केली होती ती एकीनं.

आणि याचाही मला हेवा वाटला. खुर्चीवर बसून मी त्या बाईच्या मोकळ्या श्वासाचा हेवा करत होतो.

खुर्ची मिळाल्यावर चार दिवसांनी अक्का माझ्या नव्या खोलीत आल्या. "देवधर सर, एक विचारू? तुमच्या प्रत्येक रिपोर्टात पहिलं वाक्य सुरुवातीच्या जागेबद्दल असतं. रेषा निघाल्या कुठून, ते तुम्ही सगळ्यांच्या आधी बघता. मी ते तुमचे रिपोर्ट वाचून शिकले. सतरा वर्षं वाचतेय. मग या वेळी तुम्ही कसं पाहिलं नाही?"

मी मान खाली घालून फायली सारख्या करत राहिलो. म्हटलं, "घाई झाली."

"तसं आहे काय," म्हणून त्या विचारात पडल्या. त्यांना माझा संशय आला नव्हता. संशय घ्यायला लागणारं मनच त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांना एवढंच कळत नव्हतं, की दोन जाणती माणसं वेगवेगळी बसून अगदी एकसारखी कशी चुकली? आणि तसं होत असेल, तर आजवर जुळलेली सगळी पाकिटं संशयाची. त्यांनी मूर्ती सरांच्या काळातल्या फायली काढल्या. ज्या-ज्या वेळी निष्कर्ष जुळले होते तो प्रत्येक तुकडा गोदामातून काढून पुन्हा तपासायला बसल्या. दर शनिवारी, सुटीच्या दिवशी. वर्ष गेलं, दोन गेली, त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात मीच विभागप्रमुख म्हणून त्यांच्या 'ज्ञाननिष्ठे'वर बोललो. त्यांनी परवानगी काढून उरलेल्या तुकड्यांचे फोटो घरी नेले आणि जयनगरच्या घरी, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, ते बघत राहिल्या. माझ्या एका खोट्यावर त्या बाईनं आपली निवृत्ती खर्ची घातली, आणि मला ते दिसत होतं. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं. त्यातच माझीही निवृत्ती आली, सर्जापूर रोडला फ्लॅट झाला, आणि न सांगण्याला अंतराचं निमित्त मिळालं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "देवधर सर, एकदा घरी येता काय? एक गोष्ट सुटत नाही. तुम्हीच सांगू शकाल."

गेलो. जेवणाच्या टेबलावर फोटोंचे गठ्ठे, भिंग, आणि त्यांच्या बारीक अक्षरातल्या वह्या. अक्का पार वाळल्या होत्या. गजरा मात्र होता. कॉफी पुढं ठेवून लगेच मुद्द्यावर आल्या.

"जुळलेली सगळी पाकिटं तपासून झाली. एकूण एक. सगळी बरोबर निघाली, सर. चुकलेलं एकच. आपलं." त्यांनी त्या दांड्याचा फोटो माझ्यापुढं सरकवला. "माझं काय चुकलं ते मला कळलं. तुमचं काय चुकलं ते सुटत नाही. मला समजावून सांगा."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. म्हटलं, "अक्का, माझी नजर चुकली नव्हती. मला ठिपका दिसला होता. मी लिहिलाही होता. मग तुमचं पाकीट उघडून वाचलं आणि माझा कागद फाडला."

त्यांना 'अक्का' म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. आत कुकरची शिट्टी झाली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"का?"

"तुमचा हेवा वाटायचा. पहिल्यापासून."

"माझा?" त्या इतक्या गोंधळल्या की क्षणभर मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. "म्हणजे पद्धत बरोबर होती," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहिलं. सव्वीस वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. आवाज चढला नाही.

"देवधर सर, मी तुम्हाला शिकलेला माणूस समजत होते."

मी दांड्याचा फोटो उलटा करून ठेवला. 

"नागराजला सांगितलं काय?"

"नाही."

"मग मला आधी कशाला सांगितलंत? हात त्याचा गेला." त्या उठल्या, कुकर बंद केला आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागल्या. "चला. मी येते."

"आत्ता? अक्का, मारतहळ्ळीला आहे तो. पुढच्या आठवड्यात..."

"नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या आणि छत्री घेऊन बाहेर पडल्या.

आम्ही रिक्षा केली. सिल्क बोर्डाच्या चौकात ती गर्दीत अडकली, तेव्हा अक्कांनी विचारलं, "त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलणार?"

"हिंदीत. तसंच बोलतो आम्ही."

"त्याला धड येत नाही. मान हलवतो नुसता. ही गोष्ट त्याला पुरी कळायला हवी." मग त्यांनी मला कन्नडमध्ये दहा-बारा वाक्यं शिकवली. चौतीस वर्षं या गावात काढून 'स्वल्प' आणि 'सरी' यापलीकडं माझी गाडी गेली नव्हती. मी बोलायचो, त्या दुरुस्त करायच्या, मी पुन्हा बोलायचो. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्यानंही एक उच्चार सुधारून दिला. परदेशी डॉक्टरेटवाला माणूस पहिलीच्या पोरासारखा घोकत होता, 'नानु तप्पु माडिदे', मी चूक केली. त्या शिकवत होत्या तेव्हा राग चेहऱ्यावर तसाच होता, पण शिकवण्यात उतरत नव्हता. इतक्या रागात इतकं नीट शिकवता येतं? मला आलं नसतं.

नागराजचं घर मारतहळ्ळीच्या आतल्या गल्लीत, एका खोलीचं. दार त्यानंच उघडलं, डाव्या हातानं. उजवा कोपरात वाकलेला, पोटाशी धरलेला. "बन्नि सर, बन्नि अक्का!" त्याला खरोखर आनंद झाला होता. माझे पाय उंबऱ्याशी अडले.

"तुम्ही जा आत," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही येताय ना?"

"माझं मी त्याला तेव्हाच सांगितलंय. हॉस्पिटलात, त्याच्या खाटेपाशी बसून. आता तुमचं तुम्ही सांगा."

मी आत गेलो. नागराजनं खुर्ची पुसून पुढं केली आणि स्वतः खाटेवर बसला. उघड्या दारातून गल्ली दिसत होती. अक्का उन्हात छत्री उघडून, आमच्याकडं पाठ करून उभ्या होत्या. मी बोलताना मला कुणी बघू नये म्हणून त्यांनी तोंड पलीकडं केलं होतं, हे मला कळलं, आणि त्या क्षणीसुद्धा पोटात तेच जुनं दुखलं, की एवढ्या रागात आपल्याला हे सुचलं नसतं. अक्कांचं मला शेवटचं दिसणं ते. परत जाताना मला न सांगताच त्या बस धरून निघून गेल्या, आणि श्रावणात त्यांच्या मुलीचा फोन आला.

"कॉफी, सर?" नागराजनं विचारलं.

"नंतर," मी म्हटलं. "नागराज, नानु तप्पु माडिदे."

त्याला नीट ऐकू आलं नसावं. "एनु सर?" म्हणून तो पुढं झुकला. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्यानं, आणि पुढचं सगळं सांगायला लागलो. बाहेरची छत्री हलली नाही.